जुन्या मोटारींचे कापडी चिखलपडदे : जतन, पुनर्निर्मिती आणि इतिहासाचा पुरावा
(वाशिम जिल्ह्यातील अनसिंग परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास सांगताना सामान्यतः निर्मात्याचे नाव, इंजिनाची शक्ती आणि मालकाची प्रतिष्ठा या तीन गोष्टींना अग्रस्थान मिळते. मोटार ज्या रस्त्यावरून धावली तो रस्ता, त्या रस्त्यावरील चिखल आणि त्या चिखलापासून यंत्राचे रक्षण करणारी साधी साधने यांचा उल्लेख अपवादानेच होतो. प्रस्तुत निबंधाचा विषय अशाच एका दुर्लक्षित भागाशी संबंधित आहे. चाकांनी उडविलेला चिखल व पाणी इंजिनापर्यंत, विजेच्या तारांपर्यंत आणि गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोहोचू नये म्हणून मडगार्ड आणि चौकट यांच्यामधील फटीत कातडे, कॅनव्हास, मेणकापड किंवा रबर चढविलेले कापड बसविण्याची पद्धत होती. या भागाला मराठीत रूढ असे स्वतंत्र नाव नाही. म्हणून येथे सोयीसाठी त्यास 'चिखलपडदा' असे म्हटले आहे.

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन करताना जे भाग सर्वप्रथम काढून फेकले जातात त्यांत चिखलपडद्याचा समावेश होतो. तो मळलेला, फाटलेला, ताठरलेला असतो. त्याला बाजारभाव नसतो आणि प्रदर्शनात तो कोणाच्या नजरेसही पडत नाही. परंतु मोटार कोठे फिरली, तिची डागडुजी कोणी व कशी केली, कोणत्या काळात कोणते साहित्य मिळत होते, या प्रश्नांची उत्तरे चकचकीत रंगापेक्षा या मळक्या कापडातून मिळण्याची शक्यता अधिक असते. चिखलपडद्याची पुनर्निर्मिती हे केवळ कारागिरीचे काम नसून पुरावा सांभाळण्याचे काम आहे, हे प्रतिपादन करणे हा या निबंधाचा हेतू आहे.

अनसिंगचे नाव मोटारींच्या संग्रहासाठी प्रसिद्ध नाही. तरीही या विषयाच्या विचारासाठी हा परिसर उपयुक्त ठरतो. ज्या चिखलामुळे अशा पडद्याची गरज निर्माण होते तो चिखल येथे आहे, आणि अशा पडद्यासाठी लागणारा कापूस व जवस ही पिकेही याच काळ्या मातीत येतात. साधन आणि त्याची गरज यांचा संबंध एकाच भूमीच्या आधारे तपासता येणे, ही अभ्यासकाच्या दृष्टीने सोयीची गोष्ट होय.

१. चिखल आणि रस्ता : प्रादेशिक पार्श्वभूमी

अनसिंग हे वाशिम तालुक्यातील गाव वाशिम–पुसद मार्गावर वसलेले आहे. हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या काळ्या मातीचा आहे. या मातीतील अतिसूक्ष्म चिकण कण पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात. त्यामुळे उन्हाळ्यात जमिनीला खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन चाकाला, खुराला व पायाला धरून ठेवते. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडत असल्याने चिखलाचा त्रास विशिष्ट काळापुरता, पण त्या काळात अत्यंत तीव्र असतो. चाकाला चढलेला चिखल थांबून थांबून खरवडून काढल्याशिवाय बंडी पुढे सरकत नाही, हा वऱ्हाडातील शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

या प्रदेशाचा प्रशासकीय इतिहासही रस्त्यांच्या इतिहासाशी निगडित आहे. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या व्यवस्थापनाखाली दिला. १९०२ मध्ये तो कायम भाडेपट्ट्याने ब्रिटिशांकडे गेला आणि १९०३ पासून मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडण्यात आला. ब्रिटिश कागदपत्रांत 'बासिम' या नावाने येणारा जिल्हा १९०५ च्या पुनर्रचनेत संपुष्टात आला. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन सध्याचा वाशिम जिल्हा अस्तित्वात आला.

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला व वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला, बडनेरा या स्थानकांवरून नागपूरपर्यंत पोहोचला. अनसिंगचा परिसर मात्र या मुख्य मार्गापासून दक्षिणेस दूर राहिला. येथील मालाला रेल्वेपर्यंत जाण्यासाठी बैलबंडी आणि कच्चा रस्ता यांचाच आधार होता.

मोटारीसाठी योग्य रस्त्यांचा विचार देशपातळीवर बऱ्याच उशिरा सुरू झाला. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये भारतीय रस्ते विकास समिती नेमण्यात आली आणि तिचा अहवाल १९२८ मध्ये सादर झाला. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस या संस्था आकारास आल्या. १९४३ च्या डिसेंबरात मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली व तिने आखलेला आराखडा 'नागपूर योजना' म्हणून ओळखला जातो. विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा अधिक दूर असू नये, हे त्या योजनेचे एक उद्दिष्ट होते. असे उद्दिष्ट १९४३ मध्ये ठरवावे लागले, यातच तोवरच्या रस्त्यांची स्थिती स्पष्ट होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रामीण वऱ्हाडात शिरणाऱ्या मोटारीला मुरमाचे, पाण्याने दाबलेल्या खडीचे किंवा पूर्णतः कच्चे रस्तेच मिळत. अशा परिस्थितीत चिखलपडदा ही शोभेची वस्तू नव्हती. गाडी बंद न पडता मुक्कामास पोहोचणे काही अंशी त्यावर अवलंबून होते.

२. बग्गीपासून मोटारीपर्यंत

चिखलापासून रक्षण करणारा पडदा मोटारीपेक्षा जुना आहे. घोड्यांच्या बग्गीत हाकणाऱ्यासमोर लाकडाची किंवा लोखंडी चौकटीवर ताणलेल्या कातड्याची एक उभी फळी असे. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल व खडे अंगावर येऊ नयेत, हा तिचा हेतू होता. या फळीलाच इंग्रजीत डॅशबोर्ड म्हणत. मोटारीत घोडा राहिला नाही. पण फळी आणि तिचे नाव दोन्ही राहिले. पुढे त्या फळीवर वेगमापक, तेलदर्शक अशी उपकरणे बसविण्यात आली आणि आज उपकरणांच्या पाटीलाच डॅशबोर्ड म्हटले जाते. चिखलाशी असलेला तिचा मूळ संबंध सामान्य बोलण्यातून पुसला गेला आहे. एका शब्दाच्या अर्थांतरातून वाहनाच्या उत्क्रांतीचा मागोवा कसा घेता येतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकीचे एकस्व घेतले. त्यानंतरची सुरुवातीची मोटार बग्गी बांधणाऱ्या कारागिरांच्याच हातची होती. त्यामुळे बग्गीचे साहित्यही मोटारीत आले. लोखंडी सळईच्या चौकटीवर ताणलेले रोगण चढविलेले कातडे मडगार्ड म्हणून वापरले जाई आणि मडगार्ड व गाडीचे अंग यांतील फट कातड्याच्या किंवा कापडाच्या पट्टीने बुजविली जाई. उत्पादन वाढले तसा पत्रा पुढे आला. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी नग तयार झालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पायफळी आणि चौकट यांच्यामध्ये पत्र्याची चिखलपट्टी असे.

तथापि पत्र्याने कापडाची गरज पूर्णतः संपविली नाही. पत्रा स्थिर भागावर बसतो. हलणाऱ्या भागाभोवती तो बसविता येत नाही. १९३४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या अनेक गाड्यांत पुढील चाकांना स्वतंत्र निलंबन दिले. अशा रचनेत चाकाला धरणारे दांडे खाली-वर हलत असल्याने त्यांच्यासाठी आतल्या पत्र्यात मोठी खाच ठेवावी लागते. ती खाच उघडी राहिली तर चाकाचे पाणी सरळ इंजिनावर जाते. यावर उपाय म्हणून रबर चढविलेल्या कापडाचे लवचिक पडदे पत्र्याला रिव्हेट किंवा तारेच्या टाक्यांनी जोडले जाऊ लागले. म्हणजे कातड्याच्या जागी पत्रा आला तरी पत्रा जेथे अपुरा पडला तेथे कापड पुन्हा आले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात जुने साहित्य नव्या साहित्याच्या आगमनाबरोबर नाहीसे होते, हे गृहीतक येथे टिकत नाही.

भारतात मोटार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. मुंबईतील पहिल्या मोटारमालकांमध्ये जमशेटजी टाटा यांचे नाव परंपरेने घेतले जाते. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र उद्योगाने त्या दशकाच्या अखेरीस विलिस जीप जोडण्यास प्रारंभ केला. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समूहविकास कार्यक्रमाबरोबर गटविकास अधिकाऱ्याची कॅनव्हासच्या टपाची जीप खेड्यापाड्यांत पोहोचली. राजवाड्यातील गाडी आणि गटविकास कार्यालयाची जीप यांची प्रतिष्ठा निराळी होती; परंतु दोहोंना तुडवावा लागणारा चिखल एकच होता.

३. कापड, तेल आणि रबर

चिखलपडद्याच्या साहित्याचा इतिहास तीन टप्प्यांत मांडता येतो. पहिला टप्पा मेणकापडाचा. जाड सुती कापडावर जवसाच्या उकळलेल्या तेलाचे थर देऊन ते वाळविल्यास तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावते व घट्ट, जलरोधक पापुद्रा तयार होतो. दुसरा टप्पा रबरी कापडाचा. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर दाबून जलरोधक कापड तयार करण्याचे एकस्व घेतले. परंतु कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ताठर होत असे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधून काढल्यावर हा दोष दूर झाला. तिसरा टप्पा कृत्रिम चामड्याचा. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन तयार केलेले 'रेक्झिन' हे मूळचे एका ब्रिटिश उत्पादकाचे व्यापारी नाव. आज मराठीत ते सामान्य नाम झाले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर याच नावाखाली पीव्हीसीचा लेप असलेले कापड विकले जाऊ लागले. नाव तेच राहिले आणि वस्तू बदलली, ही बाब पुनर्निर्मितीत वारंवार गोंधळ निर्माण करते.

कापडाचे मोटारीतील स्थान केवळ पडद्यापुरते मर्यादित नव्हते. टप, बैठकी, बॉनेट टेकते त्या कडेवरची विणलेली पट्टी, आणि टायरच्या आतील थरसुद्धा सुती कापडाचेच असत. १९२०च्या दशकात चार्ल्स वेमन यांच्या पद्धतीने लाकडी सांगाड्यावर कापड ताणून संपूर्ण गाडीचे अंग तयार करण्याची पद्धत युरोपात लोकप्रिय झाली होती. त्या काळातील मोटार लोखंडाइतकीच कापसाचीही होती, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

या संदर्भात वऱ्हाडचा विचार उद्‌बोधक आहे. येथील कापूस अमरावतीच्या नावावरून 'उमरा' म्हणून व्यापारात ओळखला जाई. त्याचा धागा आखूड असल्याने त्यापासून मुख्यतः जाडेभरडे सूत निघे. टायरच्या कापडासाठी लांब धाग्याचा इजिप्शियन किंवा तत्सम कापूस लागत असे. तेथे वऱ्हाडी कापसाला वाव नव्हता. जाडे कापड, तंबूचे कापड, ताडपत्री यांसाठी मात्र आखूड धाग्याचे सूत चालते. १८७७ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांनी या भागातील कापसाला जवळची बाजारपेठ दिली. जवस हेही काळ्या मातीतील रब्बीचे पीक. चिखल ज्या मातीचा, त्याच मातीत चिखल अडविणाऱ्या कापडाचा धागा आणि तेलही पिकते, ही वस्तुस्थिती स्थानिक दुरुस्तीच्या इतिहासाकडे पाहण्याची नवी दिशा देते. परदेशातून आलेल्या गाडीचा मूळ पडदा फाटल्यावर त्याच्या जागी जे कापड येई, ते बाजारगावातील ताडपत्री शिवणाऱ्याकडचे असणे स्वाभाविक होते. इंग्रजी टारपॉलिन मराठीत ताडपत्री झाला. तद्वतच विलायती पडदाही दुरुस्तीत देशी होत गेला.

दुसऱ्या महायुद्धात ही प्रक्रिया अधिक तीव्र होण्यास कारण मिळाले. १९४२ मध्ये मलाया जपानच्या ताब्यात गेल्यावर रबराचा मोठा स्रोत तुटला. पेट्रोलवर नियंत्रण आले व कोळशाच्या वायूवर गाड्या चालविण्यात आल्या. अशा टंचाईच्या काळात रबरी कापडाऐवजी रंग किंवा तेल दिलेले साधे कॅनव्हास वापरले गेले असल्यास तो दोष नसून त्या काळाची साक्ष ठरते. एखाद्या मोटारीवर असे ठिगळ आढळल्यास ते 'मूळ नाही' म्हणून काढून टाकणे म्हणजे युद्धकाळाचा एक दस्तऐवज नष्ट करणे होय.

४. झीज कशी होते

पुनर्निर्मितीपूर्वी झिजेची कारणे समजून घेणे आवश्यक आहे. चिखलपडद्याची झीज चार प्रकारे होते. पहिली, लोखंडाच्या सान्निध्याने. रिव्हेट किंवा पट्टी गंजते, गंजातील लोह सुती धाग्याच्या विघटनास गती देते व छिद्राभोवतीचे कापड भुगा होऊन गळते. म्हणूनच अनेक जुने पडदे मधोमध शाबूत पण कडेला तुटलेले आढळतात. दुसरी, बुरशीने. पावसाळ्यात ओल धरून राहिलेल्या सुती कापडावर बुरशी वाढते आणि धागा कमकुवत करते. तिसरी, रबराच्या वार्धक्याने. हवेतील प्राणवायू व ओझोन, इंजिनाची उष्णता आणि गळणारे तेल यांमुळे रबर प्रथम कडक होते, मग त्याला तडे जातात. तेल लागलेला भाग मात्र फुगून मऊ पडतो. चौथी, नायट्रोसेल्युलोजच्या विघटनाने. या लेपातून कालांतराने आम्लधर्मी वायू सुटतात व ते खालच्या सुती कापडालाच खातात. हे द्रव्य ज्वलनशील असल्याने अशा कापडाजवळ वेल्डिंग अथवा उघडी ज्योत असू नये.

या चार कारणांचा उपयोग निदानासाठीही होतो. कडेची झीज पाण्याकडे, मऊपणा तेलाच्या गळतीकडे, तर एकाच बाजूचा अधिक ताठरपणा धुरांड्याच्या उष्णतेकडे निर्देश करतो. पडद्याची अवस्था वाचता आली तर मोटारीच्या उर्वरित भागांच्या वापराचाही अंदाज बांधता येतो.

५. पुनर्निर्मितीची पद्धती

प्रथम टप्पा नोंदीचा. पडदा काढण्यापूर्वी मोजपट्टी ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. डावा–उजवा, आतली–बाहेरची बाजू यांच्या चिठ्ठ्या सुती दोऱ्याने बांधाव्यात. रिव्हेटची संख्या, त्यांतील अंतर, चकत्यांचा आकार आणि शिवणीचे टाके प्रतिइंच किती, हे लिहून ठेवावे. कापड जागेवर असतानाच जाड कागदावर त्याचा आराखडा उतरवावा. कारण ताठरलेले कापड काढताना तुटते व त्याचा आकार कायमचा हरवतो.

दुसरा टप्पा साहित्याच्या ओळखीचा. भिंगाखाली ताण्याचे व बाण्याचे धागे मोजावेत. कडेची किनार शिल्लक असल्यास ती विशेष जपावी, कारण गिरणीच्या विणकामाची खूण तेथेच असते. सुटलेल्या एक-दोन धाग्यांची ज्वलनपरीक्षा प्रयोगशाळेत करता येते. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. कृत्रिम धागा वितळून कडक गोळी होतो. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागास ही परीक्षा सहज करता येण्याजोगी आहे. कापडावर साचलेल्या चिखलाचा थोडा नमुना काचेच्या बाटलीत वेगळा ठेवावा. काळ्या मातीचा थर आणि लाल मुरमाचा थर यांतील भेद उघड्या डोळ्यांनाही कळतो व गाडीच्या प्रवासाविषयी काही सांगून जातो.

तिसरा टप्पा स्वच्छतेचा. मऊ ब्रशने कोरडी धूळ काढावी. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसण्याची गॅरेजमधील सवय येथे घातक ठरते, कारण त्यामुळे रबर फुगते व लेप सुटतो. पाण्याचा वापर करावयाचा झाल्यास एका कोपऱ्यावर चाचणी घेऊनच करावा. वाळवणे सावलीत व्हावे.

चौथा टप्पा निर्णयाचा आहे व तोच सर्वांत महत्त्वाचा. मोटार केवळ प्रदर्शनासाठी ठेवावयाची असेल तर मूळ पडदा मागून आधाराचे कापड देऊन जागेवरच टिकविता येतो. मोटार चालवावयाची असेल तर कुजका पडदा ठेवणे धोक्याचे आहे. तो फाटून पट्ट्यात किंवा पंख्यात अडकू शकतो आणि पाणी विजेच्या भागांवर जाते. अशा वेळी नवी प्रतिकृती बसवावी आणि मूळ तुकडा मांजरपाटाच्या धुतलेल्या कापडात सपाट ठेवून, चिठ्ठीसह, गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपावा. वापर आणि पुरावा या दोन गरजा परस्परविरोधी नाहीत. त्या एकाच वस्तूवर लादल्या की विरोध निर्माण होतो.

पाचवा टप्पा प्रत्यक्ष निर्मितीचा. साधे सुती कॅनव्हास बेतण्यापूर्वी धुऊन आकसू द्यावे. मूळ कापड दुपदरी रबरी असेल तर त्याच जाडीचे रबरी कापड निवडावे. चकाकणारे पीव्हीसी रेक्झिन टाळावे, कारण ते उष्णतेने आक्रसते आणि इतिहासाच्या दृष्टीनेही विसंगत ठरते. आराखड्यानुसार कापताना दुमडीसाठी जागा सोडावी. दोऱ्याला मधमाशीचे मेण लावल्यास शिवणीच्या छिद्रांतून पाणी शिरत नाही. लोखंडी पट्टीचा गंज काढून तिला गंजरोधक रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच कापड जोडावे. प्रत्येक रिव्हेटखाली चकती द्यावी, म्हणजे ताण एका बिंदूवर न येता पसरतो. बसविताना चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून व जॅकवर उचलून पडद्यास पुरेशी सैल जागा आहे का, हे पाहावे. धुरांड्यापासून अंतर राखावे. शेवटी, आतल्या बाजूस न पुसणाऱ्या शाईने निर्मितीचे वर्ष लिहावे, जेणेकरून पुढील पिढीतील अभ्यासक प्रतिकृतीला मूळ वस्तू समजणार नाही.

६. कायदा, संकेत आणि मूळपणाचा प्रश्न

वस्तूंच्या जतनाविषयीची आधुनिक तत्त्वे वास्तूंच्या क्षेत्रात १९६४ च्या व्हेनिस सनदेत मांडली गेली. जुन्या मोटारींच्या क्षेत्रात हाच विचार पुढे नेण्याचे काम १९६६ मध्ये स्थापन झालेल्या फिव्हा या आंतरराष्ट्रीय महासंघाने केले. या महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद जतन, संवर्धन व पुनर्स्थापन यांत भेद करते आणि वाहनाच्या आयुष्यात झालेले बदलही त्याच्या इतिहासाचा भाग मानते. या दृष्टीने युद्धकाळातील ठिगळ हेही वारशाचाच घटक ठरते.

भारतात जुन्या मोटारींविषयीची जाण प्रथम हौशी मंडळींच्या शर्यती व मेळाव्यांतून वाढली. 'द स्टेट्समन' या वृत्तपत्राने १९६४ मध्ये सुरू केलेली रॅली त्यातील अग्रगण्य होय. कायद्याच्या पातळीवर मात्र स्वतंत्र तरतूद २०२१ मध्ये झाली. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून अधिक जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय करण्यात आली. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि नूतनीकरणासाठी ५,००० रुपये शुल्क ठरविण्यात आले; नोंदणीची मुदत १० वर्षांची आहे. अशा वाहनांचा नियमित किंवा व्यावसायिक वापर वर्ज्य असून प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येतात.

या नियमांत वाहन मूळ स्वरूपात असावे अशी अट आहे. परंतु मूळ स्वरूपाची कसोटी चौकट, अंगाचा सांगाडा आणि इंजिन यांत भरीव फेरबदल झालेला नसणे, एवढ्यावर आधारलेली आहे. कापडाचा विचार त्यात येत नाही. परिणामी टप, बैठकी, पट्ट्या आणि चिखलपडदे सर्व नवे घालूनही वाहन कायद्याच्या दृष्टीने मूळच राहते. नोंदणीच्या व्यवहारासाठी ही कसोटी सोयीची व समजण्याजोगी आहे. इतिहासाच्या अभ्यासासाठी ती अपुरी आहे. लोखंड टिकते म्हणून ते मूळ आणि कापड झिजते म्हणून ते गौण, असा संकेत रूढ झाल्यास विसाव्या शतकातील वाहनांचा वस्त्रविषयक पुरावा एका पिढीतच नाहीसा होईल. हे नुकसान कोणत्याही नियमाचा भंग न होता घडेल, ही विशेष चिंतेची बाब आहे.

या भूमिकेवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. जुन्या मोटारीची देखभाल खर्चिक असते. प्रत्येक चिंधी जपण्याची अपेक्षा मालकाकडून करणे अव्यवहार्य आहे, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. तथापि येथे सुचविलेल्या पद्धतीत मूळ पडदा जपण्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे थोडे मांजरपाट, एक चिठ्ठी आणि कोरडी जागा एवढेच आहे. खर्चाचा प्रश्न प्रतिकृतीबाबत येतो, जतनाबाबत नाही. अडचण पैशाची कमी आणि दृष्टीची अधिक आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. कापडी चिखलपडदा हा बग्गीच्या परंपरेतून मोटारीत आलेला आणि पत्र्याच्या युगातही आवश्यक राहिलेला भाग आहे. त्याचे स्वरूप रस्ता, हवामान व उपलब्ध साहित्य यांनी ठरविले. त्यामुळे तो या तिन्हींचा पुरावा ठरतो. काळ्या मातीच्या प्रदेशात त्याची गरज अधिक तीव्र होती आणि स्थानिक दुरुस्तीची परंपराही तेथेच घडणे स्वाभाविक होते. पुनर्निर्मिती करताना मूळ तुकडा, साहित्याची नोंद व मातीचा नमुना या तीन गोष्टी राखल्यास वापर आणि इतिहास दोन्ही साधतात.

या कामात ग्रामीण महाविद्यालयांना स्वतंत्र भूमिका आहे. मोठी संग्रहालये राजवाड्यातील गाड्यांकडे लक्ष देतील. अनसिंग, वाशिम, पुसद या पट्ट्यातील जुन्या जीपगाड्या, त्यांचे टप शिवणारे कारागीर आणि त्यांची साधने यांची नोंद मात्र स्थानिक अभ्यासकांनीच करावयाची आहे. इतिहास विभागाने वयोवृद्ध मेस्त्री व चालक यांच्या मुलाखती घ्याव्यात, रसायनशास्त्र विभागाने धागा व लेप यांची तपासणी करावी, भूगोल विभागाने मातीचे नमुने ओळखावेत आणि मराठी विभागाने गॅरेजमधील शब्दसंपदा संकलित करावी, अशी विभागणी सहज शक्य आहे. या कारागिरांची पिढी आता वृद्ध झाली असून त्यांच्याजवळील जुने बेत, साचे व शब्द कोठेही लिहिलेले नाहीत. त्यामुळे हे संकलन येत्या काही वर्षांतच हाती घेणे अगत्याचे आहे.